पाणी जातंय कुठं?

गाडी तापून रस्त्याच्या कडेला उभी राहिली, की भोवती जमणाऱ्या माणसांपैकी एक-दोघं तरी ‘हेड गॅसकेट उडालं’ असं छातीठोकपणे सांगतात. माझ्या गाडीबद्दलही ते सांगितलं गेलं आणि शेवटी ते खरं निघालं. तरीही हे लिहावंसं वाटलं, कारण ज्या खुणेवरून ते सांगितलं होतं ती खूणच दिशाभूल करणारी होती. तिच्यावर विसंबून काम केलं असतं, तर नवं गॅसकेटही लवकरच गेलं असतं.

मी कोल्हापुरात एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. माहेर वैभववाडीकडचं, त्यामुळे गगनबावडा आणि करूळ घाट हा माझा नेहमीचा रस्ता. गाडी जुनी, चार सिलिंडरची, पेट्रोलवरची. एरवी ती घरापासून शाळेपर्यंतचे तीन किलोमीटर जाते आणि येते, एवढंच.

त्या पावसाळ्याच्या आधीपासूनच कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली जात होती. गाडीखाली थेंब नाही, वास नाही. मी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा सांगितलंही होतं. ‘उन्हाळ्यात थोडं उडतं’ असं म्हणून त्यांनी साधं पाणी भरून दिलं. मला ते पटलं नव्हतं. कूलंटचा मार्ग बंदिस्त असतो. ते तापलं की फुगून बाटलीत येतं, थंड झालं की परत आत ओढलं जातं. वारंवार भरावं लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर जातच असणार. शिवाय सकाळी पहिल्यांदा सुरू करताना इंजिन जरासं थरथरायचं, एक सिलिंडर पेटत नसल्यासारखं, आणि मिनिटभरात ते सुरळीत व्हायचं.

मग तो दिवस आला. आईला कोल्हापुरात आणायचं होतं. करूळ घाट चढत होतो, पाऊस धो धो, पुढे एक भरलेला ट्रक, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच चाललो होतो. आईला एसी सोसत नाही, म्हणून काचेवरची वाफ घालवायला मी हीटर लावला होता. एका वळणानंतर हीटरची हवा एकदम गार झाली. मी काट्याकडे पाहिलं, तर तो वर सरकत होता. जागा रुंद दिसली तिथे गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

तापलेल्या गाडीचं पुढचं सगळं नशीब त्या दोन-तीन मिनिटांत ठरतं. ‘एवढा चढ संपवू, वर गेल्यावर बघू’ असं म्हणून गाडी रेटली, तर पाचशे रुपयांच्या बिघाडातून अख्खं इंजिन जातं. मागून आलेल्या जीपचा चालक भला माणूस, मदतीला थांबला आणि हातात फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला. मी त्याला हात जोडून थांबवलं. उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळतं, पण झाकणाच्या दाबाखाली ते ११८-१२० अंशांपर्यंत न उकळता राहू शकतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. त्यात चेहरा आणि हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. वरून थंड पाणी ओतायचाही मोह टाळायचा, तापलेल्या हेडला त्याने तडा जाऊ शकतो. आम्ही फक्त बॉनेट वर केलं आणि वाट पाहिली. जीपवाल्याने आईला गगनबावड्यापर्यंत नेऊन एसटीत बसवून दिलं. गाडी संध्याकाळी टोइंगच्या वाहनावर चढून कोल्हापुरात आली.

पहिलं गॅरेज मोठं होतं, चकचकीत. तिथल्या माणसाने तेलाचं झाकण फिरवून उलटं केलं. आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा पांढरट थर होता. ‘हे बघा मॅडम, तेलात पाणी. गॅसकेट गेलं. हेड उतरवावं लागेल, कदाचित निम्मं इंजिन काम धरून चला.’ मी विचारलं, कुठली चाचणी करणार? तो म्हणाला, ‘चाचणी कशाला, दिसतंय की.’ वर्गात मुलं असं उत्तर देतात तेव्हा मी त्यांना विचारते, की हेच दुसऱ्या कारणानेही दिसू शकेल का? तोच प्रश्न मनात घेऊन मी गाडी तिथून हलवली.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचं नाव सांगितलं. उद्यमनगर म्हणजे ओतकाम, लेथ आणि ऑइल इंजिनांची वस्ती. तिथल्या बोळात लोखंडाचा किस पायाखाली करकरतो. मिस्त्री साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मला स्टुलावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली.

‘ताई, पाणी कमी होतंय म्हंतासा, पण ते जातंय कुठं? खाली सांडतंय, सायलेन्सरमधनं जातंय, का तेलात?’

मग एकेक: काटा चढला तेव्हा हीटर गरम होता का गार? सकाळी वरचा होज पाइप दाबून बघितलाय का? धूर कसला? गाडी गरम झाल्यावरही पांढराच राहतो का? एसी लावला होता का? हीटर गार झाला होता हे ऐकल्यावर ते थांबले आणि म्हणाले, ‘म्हणजे आत पाणी नव्हतं, नुसती हवा नायतर गॅस होता.’ हीटरही त्याच गरम कूलंटवर चालतो. इंजिन उकळत असताना हीटर गार पडला, तर कूलंट तिथपर्यंत पोहोचत नाहीये. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला आजवर कुणी सांगितली नव्हती: तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच काटा खरं बोलतो. पाणी त्याच्या खाली गेलं, की तापलेल्या इंजिनातही काटा मधेच खाली येऊ शकतो. तेव्हा चढलेला काटा आपोआप उतरला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नये.

सायीबद्दल त्यांना सांगितलं. त्यांनी तेलाची दांडी काढून कागदावर पुसली. तेल काळपट पण स्वच्छ. मग खालचा ड्रेन बोल्ट अगदी जरासा सैल केला. पाणी तेलापेक्षा जड, तळाशी बसतं, त्यामुळे तेलात पाणी असेल तर पहिला थेंब पाण्याचा येतो. आमच्याकडे पहिल्या थेंबापासून तेलच आलं. ‘शाळा किती लांब?’ मामांनी विचारलं. तीन किलोमीटर. पावसाळ्यात रोज तेवढंच अंतर चालणारं इंजिन नीट तापतच नाही. आतल्या दमट हवेचं पाणी थंड झाकणाखाली जमतं आणि तेलाच्या वाफेत घुसळून त्याची साय होते. ज्या खुणेवर माझं इंजिन खोललं जाणार होतं, ती खूण गॅसकेटची नव्हतीच. दांडीवरचं तेल पांढरं झालं असतं तर गोष्ट वेगळी. ते तेल बेअरिंगांना खातं आणि मग एक मिनिटही इंजिन चालवायचं नाही.

इथे गॅसकेटबद्दल थोडं सांगायला हवं. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड आणि दोघांच्या मधे हे गॅसकेट, आमच्याकडचे मिस्त्री त्याला हेडचं पॅकिंगही म्हणतात. माझ्या गाडीत ते पोलादी पत्र्याच्या पातळ थरांचं आहे. त्याला तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जळता वायू, कूलंट आणि तेल. पेट्रोल जळतं तेव्हाचा दाब कूलंटच्या दाबाच्या ४०-५० पट असतो. त्यात भर म्हणजे ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे दर वेळी गाडी तापताना आणि निवताना हेड गॅसकेटवर घासतं. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं, की हेड वाकतं आणि बोल्टांची पकड कुठे तरी ढिली पडते. गॅसकेट कुठे फाटलं त्यावर लक्षणं ठरतात. सिलिंडर आणि पाण्याच्या मधे फाटलं तर गॅस पाण्यात जातो. दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीत फाटलं तर पाणी-तेल दोन्ही शाबूत राहतं, पण शेजारच्या दोन्ही सिलिंडरांची ताकद जाते. तेल आणि पाण्याच्या मधे फाटलं तरच ती खरी साय. म्हणून ‘सगळी लक्षणं दिसत नाहीत, म्हणजे गॅसकेट नाही’ हेही चूक, आणि ‘एक लक्षण दिसलं, म्हणजे गॅसकेटच’ हेही चूक.

मामांनी आधी बाकीचे चोर शोधले. वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकाशी वाळलेल्या कूलंटचा डाग आहे का, रेडिएटरच्या सांध्यांवर पांढरे ओघळ आहेत का, डाव्या बाजूच्या पायाखालचा गालिचा ओला आहे का (हीटरची जाळी गळत असेल तर तिथे ओल येते), होजच्या पट्ट्या. काहीच नाही. झाकणाचं रबर आणि स्प्रिंग तपासली. झाकणावर ०.९ कोरलेलं असतं, तेवढा दाब त्याने धरायचा असतो. आमच्या झाकणाने धरला. कमकुवत झाकणामुळेही पाणी उडतं आणि गाडी तापते. ते बदलायला फार खर्च येत नाही, म्हणून ते आधी पाहायचं.

मग हातपंपाचं यंत्र रेडिएटरच्या तोंडावर बसवून थंड इंजिनात तेवढाच दाब भरला आणि आम्ही चहा घेतला. परतलो तेव्हा काटा जरासा उतरला होता. बाहेर कुठेही ओल नव्हती. बाहेर नाही म्हणजे आत.

प्लग काढले. तीन प्लगांच्या टोकाला फिकट तपकिरी राख होती, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मात्र धुतल्यासारखा लख्ख. मामांनी तो माझ्या हातात ठेवला. ‘ह्यो वाफेनं धुतलाय.’ सकाळच्या थरथरीचा अर्थ तिथे लागला. गाडी बंद केल्यावर कूलंटच्या मार्गात दाब उरतो, तो रात्री फटीतून थोडं पाणी तिसऱ्या सिलिंडरमध्ये ढकलतो आणि सकाळी ते उडून जाईपर्यंत तो सिलिंडर पेटत नाही. सकाळी वरचा होज कडक लागायचा त्याचंही उत्तर त्यातच. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा होज मऊ असायला हवा. तो कडक असेल तर आत असा वायू कोंडला आहे जो थंड होऊनही वाफेसारखा पाणी होत नाही.

कॉम्प्रेशन पाहिलं. १७०, १६५, १२०, १६८. चांगल्या सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, तिसऱ्यातला त्याहून बराच जास्त. पण कॉम्प्रेशन रिंग झिजल्यामुळेही कमी होतं. मामांनी तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा पाहिलं. रिंगांचा दोष असता तर तेलाने फट बुजून आकडा चढला असता. तो जवळपास तेवढाच राहिला. म्हणजे एक तर व्हॉल्व्ह, नाही तर गॅसकेट. शेवटी तिसरा पिस्टन वर आणून, गाडी गिअरमध्ये अडकवून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडली. आता फक्त ऐकायचं आणि बघायचं. एअर फिल्टरकडे सूं आवाज आला तर आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आला तर बाहेर सोडणारा, तेलाच्या तोंडाशी आला तर रिंग. तिन्ही ठिकाणी शांतता होती. रेडिएटरच्या उघड्या तोंडात मात्र बुडबुडे येऊ लागले, आधी एकेक, मग सलग.

मला तेवढंच पुरेसं होतं, पण मामांनी शेजारच्या गॅरेजातून एक काचेची नळीही आणवली. तिच्यात निळं रसायन असतं. प्लग परत बसवले, पाण्याची पातळी जरा खाली घेतली, इंजिन गरम केलं आणि रेडिएटरच्या तोंडाशी साचलेली हवा त्या निळ्यातून ओढली. काही मिनिटांत निळं हिरवट झालं आणि मग पिवळं. हे ब्रोमोथायमॉल ब्लू. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल होतं आणि आम्लात हे पिवळं पडतं. चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधी करण्याचा प्रयोग मी दर वर्षी मुलांना दाखवते. इथे फुंकर इंजिन मारत होतं. रेडिएटरमध्ये जळलेल्या पेट्रोलचा वायू असण्याचं दुसरं सज्जन कारण नाही: गॅसकेट फाटलंय, नाही तर हेड किंवा ब्लॉक तडकलाय. हे रसायन वापरताना एकच काळजी घ्यायची, कूलंटचा थेंब नळीत ओढला जाता कामा नये, नाही तर रंगावर विश्वास ठेवता येत नाही.

हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या कडेला, पाण्याच्या भोकाच्या बाजूने, गॅसकेटची कडी काळी पडून दबली होती. त्याच जागी हेडच्या ॲल्युमिनियमला पाण्याने खाऊन खड्डे पाडले होते, आत गंजाळलेलं लालसर पाणी. प्रत्येक वेळी साधं पाणी भरत गेल्यामुळे कूलंट पातळ होत गेलं होतं आणि त्यातलं गंज रोखणारं रसायनही. बोअरचं जड पाणी असेल तर वर क्षारांचा थरही बसतो. ‘थोडं उडतं’ म्हणून ओतलेल्या पाण्याची ही किंमत.

हेड दोन गल्ल्या पलीकडच्या मशीन शॉपमध्ये गेलं. तिथे त्याचे मार्ग बंद करून, पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तडा तपासला. तडा नव्हता. सरळ पट्टी ठेवून फिलर गेज सरकवला तर मधोमध ०.०८ मिलिमीटरचं पान आत जात होतं, आणि मर्यादा ०.०५ ची. फेसिंग करावं लागलं. तेही खड्डे जाईपर्यंतच, जास्त नाही, कारण हेड जितकं तासाल तितकं कॉम्प्रेशन वाढतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. बोल्ट नवे घेतले, कारण हे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि एकदा ताणलेले पुन्हा भरवशाचे राहत नाहीत. मामांच्या पोराने ब्लॉकमधलं बोल्टांचं प्रत्येक भोक हवेने कोरडं केलं. तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दबून ब्लॉक फोडू शकतं. मग टॉर्क रेंच घेऊन मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. हे काम बघताना मामा बोलत नव्हते आणि कुणाला बोलूही देत नव्हते.

पण खरी गोष्ट अजून बाकी होती, इंजिन तापलंच का? बहुतेक ठिकाणी गॅसकेट बदललं की बिल हातात येतं. मामांनी रेडिएटरचा पंखा थेट बॅटरीला जोडला, तो फिरला. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या भांड्यात टाकला, तो उघडला. गाडी सुरू करून तापू दिली, तेव्हा मात्र पंखा गप्प. त्याच्या रिलेचे पॉइंट जळले होते. शेजारचा सारखाच रिले तिथे लावला आणि पंखा सुरू झाला. एसी लावला की माझ्या गाडीत पंखा दुसऱ्या रिलेवरून चालतो. म्हणून शहरात उन्हाळ्यात, एसी चालू असताना, दोष कधी दिसलाच नाही. एसी बंद, चढ, वेग कमी आणि समोरून वारा नाही, अशा घाटातच तो उघडा पडायचा, आणि प्रत्येक वेळी गॅसकेट थोडं थोडं खचत गेलं. रिले बदलायला काही शे रुपये लागले.

गळती बुजवणारी पावडर किंवा रेडिएटरमध्ये हळद टाकायचा सल्लाही मला मिळाला होता. आडरानात रेडिएटरचं बारीक भोक बुजवून घरी पोहोचायला जुने चालक हळद वापरत आले आहेत. पण गॅसकेटच्या फटीतून येणाऱ्या दाबापुढे ती टिकत नाही आणि हीटरची बारीक जाळी मात्र तुंबते.

मामांनी बिलाच्या मागे चारही सिलिंडरांचे नवे आकडे लिहून दिले आणि जुनं गॅसकेट पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. तुम्हाला कुणी ‘हेड गॅसकेट गेलं’ असं सांगितलं, तर इंजिन खोलण्याची परवानगी देण्याआधी दाबाची चाचणी, कॉम्प्रेशनचे आकडे आणि निळ्या रसायनाचा रंग मागा. काम झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी एसी बंद ठेवून ती उभ्या उभ्या तापू द्या आणि पंखा आपोआप लागतो का, ते स्वतः बघा.